चाहत्यांच्या मालकीचा फुटबॉल क्लब कर्जातून वर येतो, तरी पैशाची ओढाताण का राहते?

कारण तोटा भरून काढणारा धनाढ्य मालक नसतो. इंग्लंडचा एक्झिटर सिटी बघा. 2003 मध्ये बुडायला आलेला क्लब चाहत्यांच्या ट्रस्टने हाती घेतला. जानेवारी 2005 मध्ये एफए कपात (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) त्यांनी बलाढ्य मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर 0-0 रोखलं, बरोबरीमुळे सामना पुन्हा एक्झिटरच्या घरच्या मैदानावर झाला आणि तिकिटं-टीव्हीच्या पैशांनी कर्जाचा मोठा भार उतरला. नशीबच म्हणायचं! एरवी वर्गणी, तिकिटं आणि अकादमीत घडवलेले खेळाडू विकून भागवायचं. ओली वॉटकिन्स त्यातलाच. एक्झिटरने त्याला ब्रेंटफर्ड क्लबला विकलं होतं. 2020 मध्ये तो तिथून ॲस्टन व्हिला क्लबला गेला तेव्हाही, पुढच्या विक्रीत वाटा देण्याच्या करारातल्या अटीमुळे, एक्झिटरला पैसे मिळाले. असा खेळाडू निघाला नाही, की हिशेब लगेच तोट्याकडे झुकतो.