चि-रीची तोफ: 88 चा आकडा गेमचा आहे, रणगाड्याचा नाही

नमस्कार. आपण लिहिले आहे की वर्ल्ड ऑफ टँक्स या संगणक गेममध्ये टाइप 5 चि-री हा दुसऱ्या महायुद्धातला जपानी रणगाडा खेळता खेळता त्याचे 1/35 मापाचे मॉडेल प्लॅस्टिकार्डातून (प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून) करायला घेतले, खालचा सांगाडा उभा राहिला आणि आता तोफेपाशी घोडे अडले आहे. गेममध्ये 75 मिमी आणि 88 मिमी अशा दोन्ही तोफा मिळतात, पण जुन्या छायाचित्रांत बुर्जावर, म्हणजे रणगाड्याच्या वरच्या फिरत्या भागावर, तोफच दिसत नाही, मग खरे काय धरायचे, असा आपला प्रश्न आहे. तो वाचला आणि सहा वर्षांपूर्वीचे माझे कामाचे टेबल डोळ्यांसमोर आले, कारण मी नेमका इथेच चुकलो होतो. प्लॅस्टिकार्ड कापणे, पुट्टी, प्रायमर हे सगळे आपल्याला येते असे धरून मी थेट तोफेवर येतो.

आधी उत्तर देतो. आपण 88 बसवू नये. 75 मिमीची टाइप 5 तोफ बसवावी, किंवा छायाचित्रांत आहे तसा बुर्ज तोफेविना ठेवावा. दोन्ही गोष्टी प्रामाणिक आहेत. चि-रीचा एकच नमुना बांधला गेला आणि तोही युद्ध संपेपर्यंत पुरा झाला नाही. अमेरिकी सैन्याच्या हाती तो मुख्य तोफेविना लागला, पुढे अमेरिकेत नेण्यात आला आणि अखेर भंगारात गेला. म्हणजे आपल्याला छायाचित्रांत जे दिसत नाही ते खरोखरच तिथे नव्हते. छायाचित्र अपुरे नाही, रणगाडाच अपुरा होता.

माझी चूक अशी झाली. गेममध्ये महिनाभर घासून मी वरची 88 मिमीची तोफ मिळवली होती आणि ती बसवलेला चि-री डोळ्यांत इतका पक्का बसला होता की तोच खरा वाटू लागला. त्यात 88 म्हटले की आपल्याकडे प्रत्येकाच्या मनात जर्मन टायगर रणगाडाच येतो. माझ्याकडे टायगरच्या जुन्या किटसाठी मागवलेली अ‍ॅल्युमिनियमची बॅरल शिल्लक होती. कॅलिबर तेच आहे, तेव्हा चालेल, असे मी ठरवले आणि ती बॅरल सामावावी म्हणून बुर्जाचा पुढचा भाग कापून दोनदा नव्याने घडवला. एवढ्यात सात महिने गेले. एका स्थानिक प्रदर्शनात मॉडेल मांडले तेव्हा एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: "हे कोणत्या फोटोवरून केलंत?" माझ्याकडे फोटो नव्हता. माझ्याकडे गेमचा स्क्रीनशॉट होता.

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट वाचायला बसलो. जपानकडे 88 मिमीची जी तोफ होती ती टाइप 99 ही विमानविरोधी तोफ, आणि तिचे मूळ टायगरच्या तोफेत नाही. चीनमध्ये हाती लागलेल्या एका जर्मन नौदल तोफेवरून ती घेतलेली होती. तिची नळी 45 कॅलिबर लांबीची, म्हणजे आतल्या व्यासाच्या 45 पट, चार मीटरला थोडी कमी. टायगरची 56 कॅलिबर, म्हणजे पाच मीटरच्या आसपास. 1/35 मापात हा फरक सुमारे 113 आणि 141 मिमी असा पडतो. जवळजवळ तीन सेंटिमीटर जास्त लांब आणि तोंडाशी मझल ब्रेक (धक्का कमी करणारा जोड) असलेली परक्या रणगाड्याची नळी मी चि-रीला लावली होती. कॅलिबर म्हणजे फक्त नळीच्या आतला व्यास. नळी किती लांब, तिच्या मागचे काडतूस किती मोठे, हे त्यातून कळत नाही, एवढी साधी गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

चि-रीसाठी ठरलेली टाइप 5 ही तोफ स्वीडनच्या बोफोर्स कारखान्याच्या 75 मिमी विमानविरोधी तोफेच्या घराण्यातली. तीही चीनमध्येच हाती लागली आणि तिच्यावरून जपानची टाइप 4 विमानविरोधी तोफ तयार झाली. टाइप 5 ची नळी सुमारे 56 कॅलिबर, म्हणजे जवळपास 4.2 मीटर, आपल्या मापात अंदाजे 120 मिमी. मात्र ही पूर्ण लांबी आहे आणि तिचा मागचा भाग बुर्जाच्या आत जातो, तेव्हा 120 मिमीची नळी सबंध बाहेर काढू नका. बुर्जाबाहेर किती दिसावी, हे टाइप 4 चि-तो या दुसऱ्या जपानी रणगाड्याच्या छायाचित्रांवरून जुळवावे, कारण हीच तोफ त्याच्यावर बसवलेली होती.

गेमला मी दोष देत नाही. सातव्या टियरवर, म्हणजे गेमच्या सातव्या पातळीवर, समोर जे रणगाडे उभे राहतात, त्यांच्यापुढे टिकेल असे काहीतरी जपानच्या बाजूला असावे, ही गेम बनवणाऱ्यांची गरज आहे. प्रत्यक्षात चि-नू, चि-तो आणि चि-री या जपानी रणगाड्यांपैकी एकही लढाईत उतरला नाही. चि-नू दीडशेच्या आसपास बांधले गेले, पण ते मायभूमीवरच्या अपेक्षित हल्ल्यासाठी राखून ठेवले होते. चि-तोचे दोनच पुरे झाले. पोलाद, कारखाने आणि कुशल हात आधी जहाजांना आणि विमानांना जात होते. त्यामुळे ज्या रणगाड्यांनी अमेरिकेच्या शर्मन रणगाड्याला तोंड द्यायचे ते कागदावर आणि चाचणीच्या मैदानावर राहिले, आणि सायपान बेटावर 1944 च्या जूनमध्ये रात्रीच्या हल्ल्यात गेले ते जुने चि-हा आणि हलके हा-गो रणगाडे. हे एकदा मनात ठेवले की गेममधल्या आकड्यांकडे कसे पाहायचे ते आपोआप ठरते. चि-रीत अर्धस्वयंचलित भरणीची योजना खरोखर होती, म्हणून गेममध्ये त्याची 75 मिमीची तोफ काही गोळे लागोपाठ सोडते. इथे गेमला इतिहासाचा आधार आहे. 88 ला तसा आधार नाही. अर्थात गेममधले आकडे आवृत्तीगणिक बदलतात, तेव्हा माझे वर्णन आपल्या आजच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळेलच असे नाही.

आता एका कार्यालयाविषयी. नाव घेत नाही, पण सावध राहावे म्हणून सांगतो. चूक सुधारायची म्हणून मी परदेशातल्या एका छायाचित्रसंग्रहाकडे चि-रीच्या प्रती मागितल्या. अर्ज भरला, पैसे आधी भरले, नऊ आठवडे वाट पाहिली. चार प्रती आल्या आणि चारींखाली टाइप 5 असे लिहिलेले होते. मी त्यांवरून चाकांची रचना आखली, पाट्या कापल्या, आणि मग मोजताना लक्षात आले की एका बाजूला सातच चाके आहेत. चि-रीला आठ असतात, चि-तोला सात, चि-नूला सहा. चारही छायाचित्रे चि-तोची होती. मी पत्र पाठवले तर उत्तर आले की मथळ्यांची जबाबदारी आम्ही घेत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. तिसऱ्या पत्राला उत्तरही आले नाही. पैशांपेक्षा मला याचा राग अधिक आला की जी माणसे या वस्तूंच्या आठवणी सांभाळायला बसली आहेत, त्यांनी एका बाजूची चाके मोजण्याचे कष्ट घेतले नाहीत. आपल्याकडचे प्रत्येक छायाचित्र मथळा झाकून बघा आणि आधी चाके मोजा. आपला सांगाडाही आज रात्रीच मोजा.

नावांमुळेही गोंधळ होतो, म्हणून थोडे सांगतो. 'चि' म्हणजे मध्यम रणगाडा, आणि पुढचे अक्षर जपानी इरोहा वर्णक्रमातले: इ, रो, हा, नि, हो, हे, तो, चि, री, नू. टाइपचा आकडा मात्र जपानी साम्राज्य वर्षाचा आहे. 97 म्हणजे 2597, आपले 1937, आणि 5 म्हणजे 2605, आपले 1945. म्हणून टाइप 3 चा चि-नू टाइप 5 च्या चि-रीआधीचा वाटतो, तरी वर्णक्रमात 'नू' हे 'री'च्या नंतर येते. चि-तो आणि चि-री यांचे काम लांबत गेले तेव्हा तोवरची सोय म्हणून चि-हे या आधीच्या रणगाड्याच्या सांगाड्यावर 75 मिमीची तोफ चढवून चि-नू घाईने उभा केला गेला. गेमच्या वृक्षात टियरप्रमाणे चि-नू, चि-तो, चि-री अशी सरळ ओळ दिसते, पण प्रत्यक्षात तो क्रम असा वाढत गेला नव्हता.

एक शक्य असेल तर जरूर करा. अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात टाइप 97 चि-हा उभा आहे. चि-री तिथे नाही, पण चाकांच्या झुल्यांची (सस्पेन्शनची) जी रचना पुढे चि-नूपर्यंत तशीच गेली आणि मोठ्या नमुन्यांतही वाढवून वापरली गेली, ती डोळ्यांनी पाहता येते. एका बाजूला सहा चाके आहेत. मधली चार जोडीजोडीने एकत्र बांधलेली, टोकांची दोन मात्र स्वतंत्र. मी गुडघ्यावर बसून तासभर वही भरली. रिव्हेटची डोकी एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, त्यांची उंची किती दिसते, हे कोणत्याही रेखाचित्रावरून मला कळले नव्हते. छायाचित्रे घेण्याविषयी तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी विचारा.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, हौशी मॉडेलकार आहे, आणि जपानी मला मोडकीतोडकी वाचता येते. 88 मिमीची योजना चि-रीसाठी कुठे कागदावर मांडली गेली असेल तर तिचे मूळ रेखाचित्र मी पाहिलेले नाही; कोणी दाखवले तर मी माझे मत आनंदाने बदलीन. तोवर माझे मत 75 च्याच बाजूने आहे.

बॅरल चिकटवण्याआधी सांगाड्याचा एका बाजूने सरळ काढलेला फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून, इथे टाका. सांगाड्याची लांबी 209 मिमीच्या आसपास आणि रुंदी 87 च्या आसपास यायला हवी. त्यात फार फरक असेल तर आधी तो दुरुस्त करू, तोफेचे नंतर पाहू.