जॉर्ज बोवेन यांच्या चाळीस वर्षांविषयी, एका तरुण पाळकास

प्रिय चिरंजीव,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

दोन वर्षे झाली तरी मंडळीत एकही नवे कुटुंब आले नाही, रविवारी निम्मी बाके रिकामी असतात आणि आपले पाचारणच खोटे होते की काय या शंकेने झोप लागत नाही, असे तू लिहिले आहेस. घाईने सांत्वन करणे मला पटले नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुझ्या प्रश्नाला माझ्या शब्दांपेक्षा जॉर्ज बोवेन यांचे आयुष्य अधिक जवळचे आहे, म्हणून त्यांच्याविषयीच लिहितो.

बोवेन यांचा जन्म १८१६ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, मिडलबरी येथे झाला. तारुण्यात ते अनेक भाषा वाचणारे, संगीत आणि साहित्यात रमणारे आणि ख्रिस्ती धर्मावर मुळीच विश्वास नसलेले गृहस्थ होते. एमा मॉरिस या तरुणीवर त्यांचे प्रेम होते. ती १८४४ साली वारली आणि जाताना आपले बायबल त्यांच्यासाठी ठेवून गेली. ते वाचता वाचता त्यांचे मन पालटले. न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरी या धर्मशिक्षणाच्या संस्थेत शिकून, परदेशी धर्मप्रसारक पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या संस्थेचे मिशनरी म्हणून ते जानेवारी १८४८ मध्ये मुंबईत उतरले. फेब्रुवारी १८८८ मध्ये ते मुंबईतच वारले, आणि मधल्या चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत.

आल्यानंतर वर्षभरातच त्यांच्या लक्षात आले की, मिशनरी ज्या बंगल्यात राहतो आणि ज्या पगारावर जगतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या आणि त्याच्यामध्ये एक भिंत उभी राहते. १८४९ साली त्यांनी पगार नाकारला आणि ते सामान्य लोकांच्या वस्तीत साधेपणाने राहू लागले. येथे तुला सावध करणे माझे कर्तव्य आहे. माझ्या पहिल्या नेमणुकीत मीही त्यांचे अनुकरण म्हणून निम्मा पगार परत करू लागलो, आणि त्याची झळ मला लागण्याआधी माझ्या आजारी आईला लागली. बोवेन आजन्म अविवाहित होते, आणि त्यांच्या त्यागाचा भार त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर होता. तुझ्या घरात लहान मूल आहे, तेव्हा त्यांची गरिबी उचलू नकोस. ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्या आणि आपल्यामध्ये काय उभे आहे, हे शोधण्याची त्यांची सवय मात्र अवश्य उचल.

ते मराठी शिकले, मुंबईच्या रस्त्यांवर आणि मोकळ्या मैदानांत वर्षानुवर्षे उपदेश करीत राहिले, ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र त्यांनी दीर्घकाळ चालवले, आणि त्यातील लिखाणातून पुढे नित्य मननाची पुस्तकेही निघाली. एवढे करूनही त्यांच्या उपदेशाने बाप्तिस्मा घेणारे फार थोडे निघाले.

अशात १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर मुंबईत आले. सोन्याच्या शोधात माणसे कॅलिफोर्नियाकडे धावत होती त्या काळात, १८४९ पासून, सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकात उघड्यावर उपदेश केलेला हा मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचा धर्मसेवक. त्यांच्या सभांना लोक जमू लागले, अनेकांचे मन पालटले आणि थोड्याच काळात मुंबईत मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. टेलर यांचे श्रोते बहुतेक इंग्रजी बोलणारे, युरोपीय आणि अँग्लो-इंडियन होते, त्यामुळे ही तुलना सरळ होत नाही हे मान्य. तरीही जो मनुष्य तेवीस वर्षे त्याच शहरात नांगरत होता, त्याच्यासमोर नव्याने आलेल्या पाहुण्याने एका हंगामात पीक उभे करून दाखवले होते. अशा वेळी मन कसे कडू होते, ते मला ठाऊक आहे. मंडळीने आपली स्वतःची सोय स्वतः लावावी, परदेशी पैशावर जगू नये, असे टेलर यांचे मत होते आणि बोवेन ते आधीपासून जगत आले होते, म्हणून दोघांचे जुळले, असे म्हणता येईल. पण बोवेन केवळ शेजारी उभे राहिले नाहीत. पन्नाशी उलटून गेल्यावर ते स्वतः मेथडिस्ट झाले, त्या नव्या मंडळीत सेवक म्हणून राबले आणि पुढे तिच्या जबाबदाऱ्याही त्यांनी सांभाळल्या. त्यांच्या चरित्रातली मला सर्वांत कठीण वाटणारी गोष्ट ही आहे. पगार सोडणे तिच्यापुढे सोपे.

तुझ्या पत्रात, शेजारच्या गावी नव्याने सुरू झालेल्या मंडळीत माणसे मावत नाहीत, असा ओझरता उल्लेख आहे. तू तो एकाच ओळीत उरकला आहेस, पण माझे लक्ष तेथेच अडले. तिथल्या पाळकाला तू अजून भेटला नसशील, असे वाटते. पुढच्या आठवड्यात भेट. त्यांच्या प्रार्थनासभेत मागच्या बाकावर बस, आणि त्यांना मदत हवी असेल तर दे.

पावसाळा संपला की मुंबईला ये. अपोलो बंदराजवळ बोवेन यांच्या नावाचे मेथडिस्ट चर्च आहे, तेथे आपण दोघे एका रविवारी उपासनेला जाऊ. येताना तुझी घरभेटींची वही आण. ती दोन वर्षांची पाने मला पाहायची आहेत, रिकामी असली तरी.

तुझा,
एक जुना पाळक