टॅनग्रॅम (चौरस कापून केलेले सात तुकडे जुळवून आकार बनवायचं कोडं) वर्गात पहिल्यांदा नेताय?

ताई, पहिल्याच दिवशी फळ्यावर सशाचा नमुना काढू नका. मी काढला, अन् अर्धा वर्ग "बाई, जमत नाही" म्हणत बसला. आधी सातही तुकडे नुसते खेळू द्या. कुणाची होडी होईल, कुणाची वाकलेली आजी. मग विचारा, "आजी निघाली कुठे?" गोष्ट तिथूनच सुरू होते.

गणित सुरुवातीला एवढंच: लहान त्रिकोणाचं क्षेत्रफळ १ धरा. चौरस, मधला त्रिकोण, समांतरभुज चौकोन तिन्ही २-२. मोठा त्रिकोण किती, ते मुलांना तुकडे मांडून शोधू द्या. अपूर्णांक नंतर.

आणि हो:
- पुठ्ठा दोन्ही बाजूंनी एकाच रंगाचा घ्या. समांतरभुज चौकोन कधीकधी उलटा करावा लागतो. रंग बदलला की मुलं अडतात.
- प्रत्येक तुकड्यामागे संचाचा नंबर टाका. नाहीतर घंटा झाल्यावर दप्तरांखाली त्रिकोण शोधाल.