खुलासा आणि सारवासारव

दादरच्या एका वाचकाने विचारलंय: सरकारच्या प्रवक्त्याने सकाळी एक सांगितलं, संध्याकाळी नेमकं उलट. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, 'प्रवक्त्यांनी खुलासा केला'. हा खुलासा की सारवासारव?

आधी चॅनेलवाल्यांचा 'धक्कादायक खुलासा' बाजूला काढू. तो हिंदीतून उचललेला आहे. मराठीत त्याला गौप्यस्फोट म्हणतात, आणि हे ऐकून ऐकून कान किटलेत.

'खुलासा' हा 'खुला'वरून आला असं भलेभले सांगतात. साफ चूक! शब्द अरबी आहे. मूळ अर्थ सार, अर्क. गाळ काढून टाकल्यावर उरतो तो शुद्ध भाग. धातू ख-ल-स, म्हणजे शुद्ध होणं, सुटणं. 'खालसा' याच धातूचा: मध्ये कुणी जहागीरदार नाही, सारा थेट सरकारात, ती खालसा जमीन. शिखांचा खालसाही तोच. 'खलास' म्हणजे मुळात सुटका, मुंबईने त्याचं 'खल्लास' केलं. आणि भाऊच्या धक्क्यावरचा खलाशीसुद्धा याच घरातला! 'खुला'वाले या भावंडांची सोय कुठे लावणार? उच्चार जुळला की नातं जोडायचं, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

सारवणं म्हणजे जमिनीवर शेणाचा हात फिरवणं. भेगा खाली तशाच, वर नवा थर. खुलासा थर काढतो, सारवासारव थर चढवते.

प्रवक्त्याने 'यावर आत्ता बोलता येणार नाही' म्हणावं, त्यात गैर काही नाही. खोटं सांगायची मुभा मात्र पदाबरोबर मिळत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे प्रवक्ते रॉन झीग्लर यांनी १७ एप्रिल १९७३ रोजी वॉटरगेटबद्दलची, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीच्या प्रकरणाबद्दलची, आपली आधीची विधानं 'आता लागू नाहीत' असं सांगितलं. ती चुकीची होती, असं त्या दिवशी म्हणाले नाहीत. ही अस्सल सारवासारव. पुढच्याच वर्षी, ८ सप्टेंबरला, निक्सन यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या फोर्ड यांनी निक्सनना माफी दिली. त्या माफीचं समर्थन आपल्याच्याने होणार नाही म्हणून फोर्ड यांचे प्रवक्ते जेरल्ड टरहॉर्स्ट यांनी त्याच दिवशी पद सोडलं.

आपल्याकडे कारकुनाला नोटीस येते, 'सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा'. खुलासा असमाधानकारक ठरला तर कारवाई होते. तोच शब्द मंत्रालयातल्या माइकसमोर आला की इतका पातळ का व्हावा? तुमच्या पेपराने सरळ 'प्रवक्त्यांचं घूमजाव' छापायला हवं होतं.