सध्या काय ऐकताय?

प्रश्न : ताई, कारखान्यात मागाचा खडखडाट दिवसभर डोक्यात बसलेला असतो, रात्री घरी आल्यावर शांत असं काय ऐकू? मोबाईल तीच तीच गाणी पुढे करतोय. तुम्ही सध्या काय ऐकताय तेही सांगा.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, माझ्याकडे महिनाभर किशोरीताई आमोणकरांनी गायलेलं 'अवघा रंग एक झाला' चालू आहे, रोज रात्री भांडी आवरून झाली की दिवा बंद करते आणि हेडफोन न लावता स्पीकरवर अगदी हळू लावते. हा अभंग सोयराबाईंचा, म्हणजे चोखोबांच्या पत्नीचा, आणि चोखोबा आपल्या मंगळवेढ्याचे! 1338 मध्ये तिथं गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले, हे माहीत असल्यामुळे असेल, पण किशोरीताईंचा स्वर वर जातो ना, तिथं माझ्या घशात दरवेळी काहीतरी अडकतं. शब्द तसे थोडेच आहेत, पण त्या एकेका ओळीशी इतक्या थांबतात की आपलाही श्वास संथ होतो, म्हणून तुम्हाला आधी हेच सांगेन.

आणि घरी कन्नड कळत असेल तर मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेली वचनं, म्हणजे शरण संतांच्या छोट्या कन्नड रचना, ऐकाच. आपल्या सोलापूरचे सिद्धरामेश्वरसुद्धा बाराव्या शतकातले वचनकार, त्यांच्या गड्ड्याच्या जत्रेला आपण सगळे जातो पण त्यांची वचनं किती जणांनी ऐकलीत? नाही कळलं कन्नड तरी चालेल, मलाही अर्धंच कळतं, शेजारच्या आजींना अर्थ विचारते.