आरोग्य उपकेंद्राचं छत गळतं. पैसा ग्रामपंचायतीनं द्यायचा की जिल्हा परिषदेनं?

उपकेंद्र जिल्हा परिषदेचं असतं, म्हणून मोठी दुरुस्ती तिच्याच आरोग्य विभागाकडे मागा. ग्रामीण रुग्णालय मात्र राज्य शासनाचं, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतलं. (हा घोळ करून लोक महिनोन्‌महिने फेऱ्या मारतात, जीव तुटतो बघून.)

गावातल्या आरोग्य समितीला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी (कशावर खर्चायचा ते समितीच ठरवते असा) मिळतो. त्यात छत होत नाही. पण तुमचं गाव गडचिरोलीकडे पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात) असेल, तर २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला (सरकारनं आदिवासींसाठी वेगळ्या ठेवलेल्या पैशातला) ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतीला येतो; त्यातून आरोग्याचं कोणतं काम करायचं ते ग्रामसभा ठरवते. ठराव धानाची रोवणी लागायच्या आधीच घ्या, नंतर सभेला माणूस सापडत नाही. त्या छताखाली गरोदर बाया तपासणीला बसतात, हेही ठरावात लिहाच.