तिरामिसूमधील मस्कार्पोने फाटते तेव्हा

वडिलांच्या एकसष्टीच्या आधी सराव म्हणून तुम्ही दोनदा तिरामिसू (कॉफीत भिजवलेली बिस्किटे आणि मस्कार्पोने या मऊ इटालियन चीजचे मिश्रण यांच्या थरांचा गोड पदार्थ) केला, दोन्ही वेळा मस्कार्पोनेचे मिश्रण रवाळ झाले, सकाळी भांड्याच्या तळाशी पाणी साचलेले आढळले, आणि आता बिस्किटे जास्त भिजली की अंडी कमी पडली हे तुम्हांला कळेनासे झाले आहे. तुमच्या पत्रात हे वाचले आणि नणंदेच्या केळवणाची ती रात्र मला जशीच्या तशी आठवली. वीस माणसांसाठी आणलेले चार डबे मस्कार्पोने तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत फाटले होते. म्हणून सविस्तर लिहीत आहे. कॉफी कशी करावी आणि थर कसे लावावेत हे तुम्हांला येत असणार, त्यामुळे त्यात शिरत नाही.

आधी साचलेल्या पाण्याचा रंग पाहा. ते कॉफीच्या रंगाचे असेल तर बिस्किटे जास्त भिजली आहेत. ते फिकट, दह्याच्या निवळीसारखे असेल, तर मस्कार्पोने फाटले आहे किंवा तुम्ही अंड्याचा पांढरा भाग फेटून घातला असल्यास त्याला पाणी सुटले आहे. मिश्रण रवाळ होते असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून माझा संशय मस्कार्पोनेवरच आहे.

आम्ही तीन वर्षे इटलीतील पादोवाला राहत होतो. तिरामिसू ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते त्रेविझो तिथून जवळच आहे. आमच्या घरमालकीणबाई हा पदार्थ एक पातेले आणि एक लाकडी चमचा एवढ्यावर करत असत, आणि त्यांच्या हाताखाली शिकताना माझा तो एकदाही बिघडला नाही. पुण्याला परतल्यावर मात्र तीच कृती आणि तेच प्रमाण असूनही तो बिघडला. त्यामुळे दोष पद्धतीत नसून दुसरीकडे असावा, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

केळवणासाठी मी मस्कार्पोने एका ऑनलाइन दुकानातून मागवले. मे महिन्यात ते डबे दगडासारखे कडक होऊन घरी आले आणि एवढ्या उन्हातही इतके गार राहिले याचा मला आनंद झाला. तीच माझी सर्वांत मोठी चूक होती. डब्यावर ‘गोठवू नये’ असे स्पष्ट छापलेले होते, ते मी वाचले नाही. गोठवल्यावर त्यातील पाण्याचे स्फटिक होतात, हे स्फटिक स्निग्धांशाच्या कणांभोवतीचे पातळ आवरण फोडतात, आणि वितळताना पाणी व स्निग्धांश वेगळे होतात. मला डब्याच्या कडेला पाणी दिसले, मिश्रणही सैल वाटले, म्हणून ते घट्ट व्हावे या हेतूने मी विजेचा बीटर जोरात फिरवला. दोन मिनिटांत पिवळसर कण आणि त्यांच्यातून वाहणारे पाणी एवढेच उरले.

मस्कार्पोनेला आपण चीज म्हणतो आणि तिथेच फसतो. ते दाट साय तापवून, त्यात लिंबाचे किंवा तत्सम आम्ल घालून आणि मग निथळून तयार करतात, त्यामुळे त्याचा स्वभाव सायीचा असतो. सायीला घुसळले की लोणी येते, हे आपल्या घरांत कोणालाही सांगावे लागत नाही. तोच नियम इथेही लागू आहे. सैल वाटणारे मस्कार्पोने आणखी फेटून घट्ट होत नाही, त्याचे लोणी होते.

त्या दुकानाकडे तक्रार केली तेव्हा त्यांनी तीन वेळा छायाचित्रे मागवली, दर वेळी नव्या माणसाशी बोलायला लावले आणि शेवटी कळवले की माल योग्य तापमानात ठेवलेला होता, तुमची फेटण्याची पद्धत चुकली असेल. पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण त्या उत्तरावर विश्वास ठेवून पुढचे वर्षभर मी स्वतःच्या हातालाच दोष देत राहिले, याचा राग आजही येतो. नंतर शहरातल्याच एका डेअरीतून कधीही न गोठवलेला डबा आणून जुन्याच पद्धतीने केले आणि पहिल्याच खेपेस जमले. नाशवंत माल विकणाऱ्याने तो गोठवलेला होता की नाही हे ग्राहकाला सांगितलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तुम्ही डबा हातात पडताच उघडून पाहा. कडेला पाणी आणि पोत रवाळ असेल तर तो तिथेच परत करा.

आता तापमानाविषयी. अंड्याचे बलक आणि साखर वाफेवर फेटून गरम असतानाच मस्कार्पोनेमध्ये घातले तर स्निग्धांश वितळतो. मस्कार्पोने थेट फ्रिजमधून काढून घेतले तर गुठळ्या राहतात, आणि त्या मोडण्याच्या नादात आपण ते जास्त फेटतो. बलकाचे मिश्रण पूर्ण निवू द्यावे. मस्कार्पोने मात्र दहा-पंधरा मिनिटेच बाहेर ठेवावे. उन्हाळ्यात तेवढेही पुष्कळ होते. ते आधी एकट्यानेच चमच्याने मऊ करावे आणि मग बलकाचे मिश्रण तीन वेळा विभागून हलक्या हाताने मिसळावे. नुकताच रवाळपणा येऊ लागला असेल तर खोलीच्या तापमानाची दोन चमचे पातळ साय घालून हाताने ढवळल्यास बहुतेक वेळा ते सावरते. लोण्याचे कण स्पष्ट दिसू लागले असतील तर थांबावे, ते परत जुळत नाहीत.

प्रमाणाबद्दल तुम्ही विचारले आहे. त्रेविझोतील ‘ले बेक्केरिए’ या उपाहारगृहाची कृती 2010 साली नोटरीकडे नोंदवली गेली. तीत 1 किलो मस्कार्पोनेला 12 बलक आणि अर्धा किलो साखर आहे, मद्य नाही आणि अंड्याचा पांढरा भागही नाही. शेजारच्या फ्रिउली प्रांतातले लोक या पदार्थावर आपला हक्क सांगतात, पण तो वाद इथे नको. मी 500 ग्रॅमला 6 बलक आणि 120 ग्रॅम साखर घेते. आपल्याकडे त्याहून गोड आवडत असेल तर वाढवावी. पांढरा भाग तुम्ही पहिल्या खेपेस वगळावा, म्हणजे पाणी सुटण्याचे एक कारण तरी कमी होईल.

अंड्यांबाबत मात्र सावधपणे लिहिते, कारण मी डॉक्टर नाही आणि अन्नशास्त्राचे शिक्षणही घेतलेले नाही. एकसष्टीला वयस्कर मंडळी आणि लहान मुले असणार, तेव्हा कच्चे बलक वापरू नयेत. साखरेसह वाफेवर सतत ढवळत ते 71 अंश सेल्सिअसपर्यंत न्यावेत आणि त्यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्यावा. साखर असल्यामुळे बलक लगेच गोठत नाहीत, फक्त हात थांबू देऊ नये. बिनअंड्याचा करायचा असेल तर डेअरीचीच साय घ्यावी. ‘व्हिपिंग क्रीम’ या नावाने आपल्याकडे जे मिळते त्यातले पुष्कळसे वनस्पती तेलाचे आणि आधीच गोड केलेले असते. त्याने तिरामिसू उभा राहतो खरा, पण जिभेवर मेणासारखा थर राहतो. हे माझे मत आहे, अनेकांना ते चालते.

बिस्किटे, म्हणजे सावोयार्दी किंवा आपल्या दुकानांतली लेडी फिंगर, पूर्ण निवलेल्या कॉफीत एकेका बाजूने क्षणभरच टेकवावीत. पावसाळ्यात ती पाकिटातच मऊ पडतात, तेव्हा मंद ओव्हनमध्ये दहा मिनिटे वाळवून घ्यावीत. त्यांच्याऐवजी टोस्ट वापरणार असाल तर वेलचीचे घेऊ नका, कॉफीचा वास त्यात हरवतो.

कार्यक्रम संध्याकाळचा असेल तर आदल्या रात्रीच थर लावून भांडे घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवा. कोको वाढण्याच्या दहा मिनिटे आधी चाळा, रात्रीच चाळलेला सकाळपर्यंत ओला होऊन काळा पडतो. आणि तुमचा डबा कसा आला होता, कडक की मऊ, ते जरूर कळवा.